मेस्त्रीकाकांची परात

गॅरेजमध्ये दोन गोष्टी आपोआप साठतात. एक, कुठल्या गाडीतून निघाले ते कोणालाच आठवत नाही असे नटबोल्ट, आणि दुसरे किस्से. नटबोल्टसाठी आमच्याकडे तुपाचा रिकामा डबा होता. किश्शांसाठी काहीच नव्हतं, म्हणून ते डोक्यातच राहिले. परवा बदलापूरला एका लग्नात सुऱ्या भेटला. पंगतीत माझ्या शेजारी बसला आणि पहिला घास घ्यायच्या आधी म्हणाला, "विलास, परात हाय का रं अजून?" झालं! आम्ही दोघं इतके हसलो की जिलबी वाढणारा पोरगा बावचळून पुढच्या पानाकडे गेला.

परात आहे. आनंदनगरला माझं छोटं वर्कशॉप आहे, तिथे भिंतीवर टांगलेली आहे. पितळेची, कडेला पोचे आलेली, कणीक मळायची असते तशी. गिऱ्हाईक विचारतात, इथे ही कशाला? मी हसून विषय बदलतो. एवढं सगळं उभ्या उभ्या कसं सांगणार?

तर विठ्ठलवाडी डेपोकडून उल्हासनगरात शिरलं की डाव्या हाताला नारीशेठचं गॅरेज होतं. नारीशेठ सिंधी, मनाचा राजा, पण बॉनेटखाली काय असतं ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. हेड मेकॅनिक मेस्त्रीकाका, कुडाळकडचे. तीस वर्षं उल्हासनगरात राहून सिंधीसुद्धा बोलायचे, पण रागावले की मालवणीवर यायचे. हाताखाली आम्ही दोघं. मी बदलापुरातल्या बेलवलीचा, आयटीआय करून आलेला, आणि सुऱ्या बदलापूरच्या पुढच्या एका गावातला, घरी भातशेती असलेला.

आमचं मुख्य काम इंजिन बांधायचं. थकलेलं इंजिन उतरवायचं, पार सुटं करायचं, नवे पिस्टन, नव्या रिंगा, नवी बेअरिंगं घालून पुन्हा उभं करायचं. आठ-दहा दिवस जायचे. आणि मग यायचा पहिला स्टार्ट. त्या दिवशी काका दाढी करून यायचे. कारण नव्या इंजिनात ऑइल सगळीकडे पोचायच्या आत ते पेटलं, तर दहा दिवसांचं काम अर्ध्या मिनिटात भंगारात जातं. म्हणून आधी प्लग काढून इंजिन नुसतं फिरवायचं, मीटरवरचा ऑइलचा काटा वर आला की मगच प्लग बसवायचे आणि खरी चावी मारायची. मग काका लांब स्क्रू ड्रायव्हर घ्यायचे. त्याचं टोक इंजिनावर, मूठ कानाला, आणि डोळे बंद. तोवर गॅरेजात कोणी श्वाससुद्धा मोठ्याने घ्यायचा नाही.

"ज्या दिवशी मला इंजिन ऐकू येणार नाही," काका म्हणायचे, "त्या दिवशी पाना खाली ठेवीन आणि गावची गाडी पकडीन." त्यांच्या वरच्या खिशात दहा नंबरचा एक पाना कायम असायचा, त्याच्यावर हात ठेवून हे वाक्य यायचं. आम्ही तेव्हा हसायचो. काकांचे कान म्हणजे काय चीज होती! नाक्यावर वळलेली गाडी न बघता सांगायचे, हिचा तिसरा प्लग गेलाय.

*

परात आली ती नारीशेठमुळे.

एका जीपचं इंजिन बांधून तयार होतं. वरचं कव्हर लावायचं तेवढं बाकी होतं. नारीशेठ येऊन इंजिनावर ओणवा झाला, जसं काही त्याला सगळं समजतंय, आणि "वा वा, एकदम चकाचक!" म्हणून निघून गेला. आम्ही कव्हर लावलं, सगळे सोपस्कार केले, चावी मारली. इंजिन सुरू झालं आणि आतून आवाज आला, खड-खड-खड!

काकांनी ताबडतोब बंद करायला लावलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. दहा दिवसांत आपलं काय चुकलं, ते मनात मोजत होते बिचारे. पुन्हा दोन सेकंद चालू केलं, स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला आणि म्हणाले, "हे इंजिन नाही. हा पत्रा वाजतोय."

कव्हर खोललं. आत टॅपेटच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांच्या बाजूला, ऑइलमध्ये न्हालेली, नारीशेठची वेलदोड्याची छोटी डबी! ओणवा झाला तेव्हा खिशातून पडलेली.

इकडे डबी सापडेना म्हणून नारीशेठ तासभर ऑफिसात सगळ्यांवर संशय घेत होता. मी डबी पुसून त्याच्यासमोर ठेवली. त्याने ती उघडली, एक वेलदोडा तोंडात टाकला, जरा चघळला आणि म्हणाला, "अरे साईं, इसमें तो ऑइल बढ़िया पहुँच रहा है!"

दुसऱ्या दिवशी काका घरून परात घेऊन आले. तेव्हापासून नियम झाला. पहिल्या स्टार्टला जो कोणी गाडीजवळ उभा राहील, त्याने आपले खिसे परातीत रिकामे करायचे. पेन, किल्ल्या, कंगवा, अंगठी, चष्मा, जे जे पडू शकतं ते सगळं. मालकालाही सूट नाही, काकांनाही नाही. त्यांचा पानासुद्धा परातीत जायचा. नारीशेठच्या बायकोने पुढे त्याचे सगळे शर्ट बिनखिशाचे शिवून घेतले.

*

त्या परातीने किती घरांत भांडणं लावली, त्याची गणती नाही.

अंबरनाथचे एक गृहस्थ होते, बँकेत नोकरीला. गाडीवर फार जीव. पहिल्या स्टार्टला बायकोला घेऊन आले. बाईंनी हळदीकुंकवाचं ताट आणलं होतं. काकांनी परात पुढे केली. साहेबांनी किल्ल्या टाकल्या, पाकीट टाकलं आणि थांबले.

"पँटचा खिसा राहिला," काका म्हणाले.

"त्यात काही नाही."

"फुगलाय."

"रुमाल आहे हो!"

"रुमाल पंख्यात जातो. टाका."

साहेबांनी एकदा बायकोकडे बघितलं, एकदा इंजिनाकडे, आणि हळूच रुमाल काढला. त्याच्यात गुंडाळलेलं सिगारेटचं पाकीट परातीत ठण्णकन पडलं, कारण बरोबर लायटरही होता. बाई सावकाश म्हणाल्या, "तीन वर्षं झाली ना हो सोडून?"

गॅरेजात पहिल्या स्टार्टची शांतता असतेच, पण ती जरा जास्तच होती. शेवटी बाईंनीच ताट नीट धरलं आणि म्हणाल्या, "तुम्ही गाडी सुरू करा, काका. ह्यांना मी घरी खोलते!"

*

आता माझी चूक. सुऱ्या कुठेही भेटला की हीच आधी सांगतो, म्हणून मीच सांगून टाकतो.

नव्या इंजिनात ऑइल घालायचं विसरणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात मोठं पाप. ते होऊ नये म्हणून काकांनी एक युक्ती केली होती. गाडीची चावी सुतळीने ऑइलच्या कॅनच्या मानेला बांधून ठेवायचे. कॅन पूर्ण रिकामा करून दाखवला की मगच चावी सुटायची. एकदा मी मोठ्या ऐटीत कॅन उपडा केला, शेवटचा थेंब पडेपर्यंत धरून ठेवला आणि चावी मागितली.

काका चावी देईनात. माझ्या पायांकडे बघत होते.

खालचा ड्रेनचा बोल्ट मी नुसता हाताने लावून ठेवला होता. पाना मारायचा राहिलाच! वरून घातलेलं ऑइल खालून निवांत बाहेर पडत होतं. माझ्या चपलांखालून, टूलबॉक्सला वळसा घालून ते ऑफिसकडे निघालं होतं, आणि ऑफिसच्या दारात नारीशेठ पांढरेशुभ्र बूट घालून उभा होता.

मला वाटलं आज नोकरी गेली. काकांनी भुशाचं पोतं ओढत आणलं, माझ्यासमोर ठेवलं आणि शांतपणे म्हणाले, "काही हरकत नाही. आता हे गॅरेज दहा वर्षं गंजणार नाही."

सगळं साफ करून झाल्यावर त्यांनी मला हाक मारली. वाटलं, आता बोलणी बसणार. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिला आणि एका चालू गाडीवर टेकवायला लावला. "हे बेअरिंग. हा टॅपेट. हा पाण्याचा पंप. आयक, मेल्या, नीट आयक!" अर्धा तास मला ते इंजिन ऐकवत होते. चूक झाली त्या दिवशी माणसाला शिकवावं, हे मी त्यांच्याकडूनच घेतलं. आजही माझ्याकडे कोणी घोळ घातला की मी भुसा पुढे करतो आणि तोंड बंद ठेवतो. निदान प्रयत्न तरी करतो!

*

उल्हासनगरच्या एका व्यापाऱ्याला सगळं मुहूर्तावर लागायचं. इंजिन उतरवलं तेही मुहूर्त बघून. पहिल्या स्टार्टला त्याने भटजीच आणले. अकरा वाजून वीस मिनिटांनी चावी फिरलीच पाहिजे, असं ठरलं होतं. भटजींनी आपली जपमाळ निमूट परातीत ठेवली. चांगला माणूस होता.

सुऱ्या प्लग काढून इंजिन फिरवत होता. ऑइलचा काटा काही हलेना. अकरा पंधरा झाले, अकरा अठरा झाले. व्यापारी घामाघूम. "अरे लगा दो प्लग! टाइम निकल रहा है!"

"काटा वर आल्याशिवाय नाही," काका म्हणाले.

"मुहूर्त चुकेल!"

"चुकू दे. बेअरिंग तर नाही जळणार."

अकरा वीस झाले, अकरा पंचवीस झाले. काकांनी पाइपचा एक नट ढिला करून आतली हवा काढली, पुन्हा घट्ट केला आणि सुऱ्याला फिरवायला सांगितलं. व्यापारी आता भटजींच्या मागे लागला, "महाराज, कुछ तो कीजिए, दूसरा मुहूर्त देखिए!" भटजींनी पंचांग उघडलं, चष्मा परातीत असल्यामुळे डोळ्यांजवळ धरलं, आणि बोट फिरवत बसले. मधूनच मान वर करून काकांना विचारलं, "आला का काटा?"

"हलतोय."

भटजी पुन्हा पंचांगात.

"आता?"

"आला!"

भटजींनी फाडकन पंचांग मिटलं. "हाच तो मुहूर्त! मारा चावी!"

*

गॅरेजच्या मागच्या गाळ्यात एक बँड होता, लग्नाच्या वरातीत वाजवणारा. बँडमास्तर शंकरराव दुपारी पोरांना घेऊन सराव करायचे. आता पहिल्या स्टार्टला शांतता हवी आणि मागे सतरा माणसं नागीणडान्स वाजवतायत, कसं जमायचं? काका मला पाठवायचे, दोन मिनिटं थांबा म्हणून सांगायला. चार-पाच वेळा शंकररावांनी ऐकलं. मग एकदा ते स्वतःच आले, गळ्यात ट्रंपेट अडकवून.

"रोज आमचं वाजवणं बंद करता. आज बघू तरी, तुमचं काय वाजतंय!"

ट्रंपेट परातीत मावला नाही, म्हणून सुऱ्याने तो दोन्ही हातांत धरून ठेवला. चावी मारली. इंजिन सुरू झालं. काकांनी अजून स्क्रू ड्रायव्हर उचललाही नव्हता, तोवर शंकरराव म्हणाले, "मेस्त्री, ताल चुकतोय. एक, दोन, तीन, गायब. एक, दोन, तीन, गायब."

चौथ्या प्लगची वायर निसटली होती!

काकांनी वायर बसवली आणि शंकररावांकडे असं बघितलं की मला वाटलं आता जुंपणार. पण ते म्हणाले, "मास्तर, उद्यापासून या. खुर्ची ठेवतो." खरंच ठेवली. तेव्हापासून पहिल्या स्टार्टला शंकरराव प्रेक्षक म्हणून हजर असायचे, आणि बँड दोन मिनिटं न सांगता थांबायचा. ती दोन मिनिटं मला अजून आठवतात. आता माझ्याकडे गाडीला लॅपटॉप लावतो, काय बिघडलं ते पडद्यावर लिहून येतं. शांत राहायची गरजच पडत नाही. त्यामुळे कोणी शांत राहतही नाही.

*

काकांच्या कानांचं पहिल्यांदा शंकररावांनाच कळलं.

एकदा काका पाठमोरे बसून कार्बोरेटर साफ करत होते. शंकररावांनी गंमत म्हणून हळूच मागे येऊन ट्रंपेट फुंकला. रस्त्यावरची दोन कुत्री पळाली. नारीशेठच्या हातातला चहा सांडला. काका कार्बोरेटर साफ करत राहिले.

शंकरराव ट्रंपेट खाली घेऊन आमच्याकडे बघत राहिले. आम्ही त्यांच्याकडे. नारीशेठने तोंडावर बोट ठेवलं. त्या दिवसापासून गॅरेजात एक गोष्ट कोणीच बोललं नाही, आणि सगळ्यांनी सांभाळली. कारण ते पान्याचं वाक्य सगळ्यांना पाठ होतं. काका गावाला गेले असते तर गॅरेज चाललं असतं हो, पण आम्हाला करमलं नसतं.

मग सुऱ्याने खुणा सुरू केल्या. काका स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून उभे राहिले की मी शेजारी ऐकायचो, डोळ्याने सुऱ्याला सांगायचो, आणि सुऱ्या काकांच्या बरोबर समोर उभा राहायचा. नाकाला हात लावला म्हणजे ठीक. कान धरला म्हणजे टॅपेट. मान खाजवली म्हणजे बेअरिंग. काका म्हणायचे डोळे बंद आहेत, पण एक डोळा किलकिला असायचा. आम्ही कधी काही सांगितलं नाही, त्यांनी कधी काही विचारलं नाही. वर्षभर झकास चाललं!

मग मे महिना आला. एका शाळेच्या व्हॅनचं इंजिन होतं. सुरू केलं, एकदम गोड आवाज. मी सुऱ्याला खूण केली. सुऱ्याने नाकाला हात लावला. काका "ठीक आहे" म्हणणार, तेवढ्यात सुऱ्या मान खाजवायला लागला. मग पाठ. मग पोट. मग दोन्ही हातांनी मान!

काकांनी स्क्रू ड्रायव्हर खाली घेतला. व्हॅनवाल्याकडे वळून गंभीर आवाजात म्हणाले, "बेअरिंगं गेली. सगळीच. पूर्ण खोलावं लागेल."

व्हॅनवाला मटकन स्टुलावर बसला. मी पुढे होऊन, "काका, पुन्हा एकदा ऐकूया का?" म्हणालो. काकांनी सुऱ्याकडे निरखून बघितलं. सुऱ्याचा चेहरा रडवेला झाला होता, पण हात थांबत नव्हते. "काका," तो ओरडला, "घामोला आयलाय अंगाला, घामोला!"

काकांनी पुन्हा स्क्रू ड्रायव्हर लावला, जरा वेळ थांबले आणि व्हॅनवाल्याला म्हणाले, "ठीक आहे. घेऊन जा." मग परातीतून आपला पाना उचलला आणि सुऱ्याजवळून जाताना हळूच म्हणाले, "उद्या पावडर लावून ये."

त्या विषयावर ते एवढंच बोलले.

*

पण ते चालायचं नव्हतं. त्याच आठवड्यात मी भाचीच्या बारशाला गेलो होतो, सुऱ्या तापाने आजारी आणि शंकरराव बँड घेऊन वरातीला. काकांनी एका टॅक्सीचा पहिला स्टार्ट एकट्याने केला आणि गाडी दिली. दोन दिवसांनी ती टॅक्सी दोरीने ओढत परत आणली. पाण्याच्या पंपाचा आवाज पहिल्या मिनिटापासून येत होता, टॅक्सीवाल्यालासुद्धा ऐकू आला होता. तो काकांना म्हणाला, "तुम्ही ठीक म्हणालात, म्हणून मला वाटलं माझेच कान वाजतायत."

काकांनी टॅक्सी आत घ्यायला लावली. पंप स्वतः बदलला. हात धुऊन नारीशेठच्या ऑफिसात गेले आणि उभ्यानेच सांगितलं, "बँडमास्तरांच्या व्हॅनचं इंजिन खोललंय, ते पुरं करतो. पहिल्या स्टार्टला ऐकू आलं तर आलं. नाही तर त्याच दिवशी पाना खाली."

नारीशेठ रडला. मी काचेतून बघितलं. मग डोळे पुसून त्याने डोंबिवलीला काकांच्या मुलीला फोन लावला. आठवड्याने मुलीने कानाचं मशीन करून आणलं.

त्यानंतर काका भर मे महिन्यात माकडटोपी घालून यायला लागले! उल्हासनगरचा उन्हाळा, वर पत्र्याचं छप्पर, आणि काका माकडटोपीत. विचारलं की म्हणायचे, सर्दी आहे. आम्ही म्हणायचो, हो, वातावरणच तसं आहे. एका दुपारी मात्र टोपी मागे सरकवून माझ्याशेजारी बसले आणि म्हणाले, "विलास, ह्या मशीनमधून इंजिन नाही ऐकू येत. आख्खं उल्हासनगर ऐकू येतं."

*

शंकररावांच्या व्हॅनचं इंजिन काकांनी बारा दिवस बांधलं. आम्हाला एकही बोल्ट आवळू दिला नाही.

पहिल्या स्टार्टच्या दिवशी काका दाढी करून, धुतलेला शर्ट घालून आले. डोक्यावर माकडटोपी. आख्खा बँड आला होता. सतरा जण भिंतीला ओळीने उभे होते आणि कोणाच्याही हातात वाद्य नव्हतं. शंकरराव खुर्चीवर न बसता खुर्चीमागे उभे राहिले. नारीशेठ सकाळपासून पाचव्यांदा पाणी पीत होता. सुऱ्या काकांच्या समोर, ठरलेल्या जागी. मी काकांच्या बाजूला. पावडर लावून आला होता सुऱ्या, मानेपर्यंत पांढरा.

परात फिरली. शंकररावांनी शिट्टी टाकली, अंगठी टाकली. मी किल्ल्या टाकल्या. नारीशेठने आपला बिनखिशाचा शर्ट झटकून दाखवला. काकांनी पाना परातीत ठेवला. मग माकडटोपी काढली. मग कानातलं मशीन काढलं आणि सगळ्यांच्या देखत ते परातीत ठेवलं, पान्याच्या शेजारी.

नारीशेठ घाबरला. हातवारे करून म्हणाला, "अरे मेस्त्री, वो कान की चीज़ है, जेब की नहीं!"

काकांना ते ऐकू आलं नसणार, पण हातवारे कळले. "पडू शकतं," ते म्हणाले. "नियम सगळ्यांना."

प्लग काढून इंजिन फिरवलं. काटा आला. प्लग बसले. काकांनी मान हलवली आणि मी चावी मारली. पहिल्या फटक्यात सुरू झालं. सायलेन्सरमधून निळसर धूर आला, विरला, आणि इंजिन एका लयीत चालायला लागलं. मी उतरून माझा स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला. सगळं स्वच्छ. शंकररावांकडे बघितलं. त्यांनी बोटांनी ताल मोजला आणि मान डोलावली. मी सुऱ्याला खूण केली. सुऱ्याने नाकाला हात लावला. चांगला दाबून धरला, काकांना दिसावा म्हणून.

काकांनी सुऱ्याकडे पाठ फिरवली.

लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला. टोक इंजिनावर टेकवलं. मूठ कानाला लावली नाही. ती दातांत धरली, घट्ट चावून, आणि डोळे मिटले. या वेळी दोन्ही. टोक पहिल्या सिलेंडरवरून दुसऱ्यावर नेलं, तिसऱ्यावर, चौथ्यावर. पुन्हा दुसऱ्यावर आणलं आणि तिथेच उभे राहिले. इंजिनाची थरथर दातांतून हाडात चढत होती, गालाचं कातडं बारीक हलत होतं.

मग स्क्रू ड्रायव्हर दातांतून काढला. "दोन नंबर," ते म्हणाले. "टॅपेट. कागदाएवढा ढिला आहे."

मी पुन्हा ऐकलं. मला काहीच ऐकू येत नव्हतं. शंकरराव पुढे आले, वाकून कान दिला आणि माझ्याकडे बघून नाही म्हणाले. काकांनी बंद करायची खूण केली. मी कव्हर खोललं, दोन नंबरच्या टॅपेटमध्ये मापाची पाती घातली. नेहमीच्या मापाची पाती आत खुळखुळली. तिच्याहून जाड घातली. तीही आत गेली, म्हणजे फट खरंच जास्त होती.

मी काकांकडे बघितलं आणि बोटांनी कागदाएवढं अंतर दाखवलं.

सुऱ्या लहान पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागला, आणि मानेवरची पावडर पुसून पुसून सगळ्या तोंडाला लागली. बँडमधल्या पोरांना काय झालं ते पुरतं कळलं नव्हतं, तरी त्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी टॅपेट जुळवला, कव्हर लावलं, हात पुसले आणि परातीजवळ गेले. आम्ही सगळे बघत होतो.

त्यांनी आधी पाना उचलला आणि खिशात घातला. मग मशीन उचललं, फुंकर मारली, कानात बसवलं. मग सुऱ्याकडे वळले.

"मेल्या," काका म्हणाले, "आता खुशाल खाजव!"